कोरी नळी

त्या माणसाची मेल मी तीनदा वाचली आणि तिन्ही वेळा डोक्यात तिडीक गेली. दुसऱ्या एका इस्पितळातला संख्याशास्त्रज्ञ होता, माझ्यासारखाच कुठल्यातरी तळघरात बसणारा असणार. आमचा सहा वर्षांपूर्वी छापून आलेला अभ्यास त्याला पुन्हा तपासून बघायचा होता. भाषा अगदी गोड. आपलं काम फार मोलाचं आहे, वगैरे वगैरे, आणि शेवटी हळूच: 'कोऱ्या नळ्यांची माहिती कुठे सापडली नाही, पाठवाल का?' म्हटलं, हा कोण टिकोजीराव लागून गेलाय माझी परीक्षा घ्यायला. दोन दिवस मी उत्तरच दिलं नाही.

आधी माझं काम काय ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमच्या इस्पितळात चौथ्या मजल्यावर अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा वॉर्ड आहे. मी खाली तळघरात, धुलाईच्या खोलीला लागून बसते. चादरींची यंत्रं फिरायला लागली की माझं टेबल थरथरतं. वरून बाळांच्या शीचे नमुने प्रयोगशाळेत येतात. तिथले तंत्रज्ञ, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते त्या नमुन्यातला जनुकीय माल रसायनांनी वेगळा काढतात, यंत्र तो वाचतं, आणि माझ्याकडे येतो एक भलामोठा तक्ता. आडव्या ओळीत बाळं, उभ्या स्तंभांत जिवाणू, आणि चौकटीत आकडा: हा जिवाणू या बाळात किती वेळा वाचला गेला. हजारो स्तंभ आणि निम्म्याहून जास्त शून्यं. त्यातून आजारी बाळांत कोण जास्त आणि धडधाकट बाळांत कोण, ते मी काढायचं. लोकांना वाटतं मी दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसते. मी जन्मात एकही जिवाणू पाहिलेला नाही.

या बाळांना एक आजार होतो. आतडं आतून मरत जातं. सकाळी दूध पचवणारं बाळ संध्याकाळी पोट फुगवून निपचित पडतं. तो अभ्यास सुरू झाला त्या वर्षी एकाच महिन्यात आमची सात बाळं गेली. वॉर्डच्या प्रमुख डॉक्टरीणबाई, ज्या कधी लिफ्टमध्येसुद्धा कुणाशी बोलत नाहीत, त्या जिने उतरून माझ्या खोलीत आल्या आणि म्हणाल्या, "काहीतरी शोधून दे गं. मला आता त्या आयांच्या तोंडाकडे बघवत नाही."

मी शोधून दिलं. एक जिवाणू होता, त्याचं नाव एका दमात घेता येत नाही म्हणून आम्ही त्याला पाहुणा म्हणायला लागलो. आजारी बाळांच्या नमुन्यांत तो वीस-तीस टक्के, बाकीच्यांत जवळजवळ नाहीच. तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासलं, तिन्ही पद्धतींनी तेच सांगितलं. इतका स्वच्छ निकाल मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. पाहुणा राहतो माणसाच्या कातडीवर. मग बाळापर्यंत तो कुणाच्या कातडीवरून जातो? आया बाळांना छातीशी घेऊन बसत, त्यांच्याच. डॉक्टरीणबाईंनी नियम काढला: बाळ दोन किलोचं होईपर्यंत आईने हात लावायचा नाही. परिचारिकांनीच हातमोजे घालून सगळं करायचं, आईने काचेबाहेर उभं राहायचं. माझा अभ्यास छापून आला, दारावर पाटी लागली.

त्यानंतर आठ महिन्यांनी माझी धाकटी बहीण अठ्ठाविसाव्या आठवड्यात बाळंत झाली. मीच तिला म्हटलं होतं, दुसरीकडे कुठे जाऊ नकोस, आमच्याकडेच ये. मुलगी झाली. एक किलो चाळीस ग्रॅम. पहिले चार दिवस श्वासाच्या यंत्रावर होती, मग यंत्र काढलं, आणि आम्ही सगळे जरा माणसात आलो. धाकटी रोज सकाळी येऊन काचेबाहेर उभी राही. बसायला स्टूल होतं, पण बसली की इन्क्युबेटर दिसत नसे, म्हणून उभीच.

बाराव्या दिवशी दुपारी एका परिचारिकेला तिची कीव आली. तिने धाकटीला आत घेतलं, हात धुवायला लावले आणि इन्क्युबेटरच्या गोल खिडकीतून एक बोट आत घालू दिलं. हातमोजा न घालता. मुलीने ते बोट धरलं. धाकटीने मला फोन करून सांगितलं तेव्हा तिला धड बोलता येत नव्हतं. सोळाव्या दिवशी मुलीचं पोट फुगलं. एकोणिसाव्या दिवशी ती गेली.

नंतर आठवडाभराने धाकटी माझ्या तळघरात आली. समोरच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, "ताई, तिच्या नमुन्यात सापडला का तो?"

आता इथे कुठल्याही शहाण्या बाईने खोटं बोलायला हवं होतं. मी तक्ता उघडला. म्हटलं, "हो. एकतीस टक्के."

"हातावरून जातो ना तो?"

"अभ्यास तसं सांगतो. पण एका बोटाने असं होईलच असं नाही, शक्यता किती हे..."

ती शक्यता ऐकायला थांबली नाही. जिन्यापर्यंत मी मागे गेले, ती वळली नाही. त्या दिवसापासून या विषयावर आमच्या घरात सगळे मूग गिळून बसले. धाकटीने मूल पुन्हा होऊ दिलं नाही. तीन वर्षांपूर्वी मला मुलगा झाला, तेव्हा ती बघायला आली आणि खोलीच्या दारात दोन्ही हात पाठीमागे बांधून उभी राहिली. मी म्हटलं, घे ना. ती म्हणाली, "माझे हात गार असतात." तो आता मावशी मावशी करत तिच्यामागे धावतो आणि ती त्याच्यासाठी सदरे शिवते, बरोबर मापाचे, नुसत्या नजरेने माप घेऊन. उचलून एकदाही घेतलेलं नाही. कुणी काही म्हणत नाही. पण तिने स्वतःला काय ठरवलंय हे मला ठाऊक होतं, आणि तसं ठरवायला आकडा कुणी पुरवला हेही.

तर ती मेल. तिसऱ्या दिवशी काका वरून डबा खायला खाली आले, तेव्हा मी वैतागून त्यांनाच विचारलं, "हे कोऱ्या नळ्यांचं काय खूळ आहे?"

काकांनी घास तसाच हातात धरला. "खूळ कसलं मॅडम? प्रत्येक खेपेला मी एक नळी रिकामी चालवतो. बाळाचं काही घालायचं नाही, नुसती रसायनं. बाकी सगळं तस्संच करायचं. रसायनांतच काही घाण असली तर ती त्यात उमटते. दर वेळी तुमच्याकडे पाठवतो की मी. तुम्ही बघता ना?"

ते गेल्यावर सहा वर्षांपूर्वीचा प्रोग्रॅम उघडला. अकरावी ओळ: हजारापेक्षा कमी वाचनं असलेले नमुने काढून टाक. शेजारी माझीच टीप: 'रिकामे, निरुपयोगी'. मी त्या नळ्या कधी बघितल्याच नव्हत्या. तक्ता आला की आधी केरकचरा काढायचा, ही माझी सवय, आणि त्या सवयीचं मी नव्या लोकांसमोर कौतुकही करत असे.

ओळ पुसली आणि पुन्हा चालवलं. शेहेचाळीस कोऱ्या नळ्या होत्या. तेवीस नळ्यांत पाहुणा नव्हता. तेवीस नळ्यांत पाहुणा होता, आणि नुसता नव्हता तर ऐंशी टक्के होता. ज्या नळ्यांत कुठल्याही बाळाचं काहीही घातलेलं नव्हतं, त्यांत.

तशीच वर गेले आणि काकांकडून त्यांची जाड नोंदवही मागून घेतली. ती घ्यायला मी सहा वर्षांत कधी गेले नव्हते. काका प्रत्येक नमुन्यापुढे तारीख, वेळ आणि खोक्याचा क्रमांक लिहितात, शाळेतल्या शुद्धलेखनासारख्या अक्षरात. म्हटलं, "हे लहान खोका, मोठा खोका काय आहे?"

"रसायनांचे खोके. मोठा खोका महिन्याच्या शेवटी उघडतो, त्यात साठलेले शंभरेक नमुने एकदम होतात. पण आजारी बाळाचा नमुना महिनाभर कसा ठेवायचा? तो आला की लगेच करायचा. त्यासाठी वेगळे लहान खोके आणून ठेवलेत. आजारी बाळाला थांबवायचं नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

म्हणजे जवळजवळ सगळी आजारी बाळं लहान खोक्यात आणि जवळजवळ सगळी धडधाकट बाळं मोठ्यात. पाहुणा निघालेल्या तेवीस कोऱ्या नळ्याही लहान खोक्यांच्याच. कुणाच्या मनात पाप नव्हतं. आजारी बाळाला आधी बघायचं, हे तर वॉर्डात झाडू मारणारासुद्धा पाळतो. तीच माया थेट माझ्या तक्त्यापर्यंत झिरपली होती. मी आजारी आणि निरोगी यांची तुलना करतेय असं समजत होते, आणि करत होते दोन खोक्यांची.

तरी मी चिवट आहे, सहजासहजी मानणारी नाही. नोंदवही घेऊन खाली आले आणि एकेक ओळ जुळवली. एका महिन्यात मोठा खोका वेळेवर आला नव्हता, तेव्हा नऊ धडधाकट बाळांचे नमुने लहान खोक्याने केले होते. त्या नऊच्या नऊ बाळांत पाहुणा होता. चार आजारी बाळं मोठ्या खोक्यात गेली होती, त्या चौघांत नव्हता. या तेरा बाळांना मी तेव्हा अपवाद म्हणून बाजूला ठेवलं होतं. नऊ जणांबद्दल तर मी एक वाक्यही लिहिलं होतं, की आजार व्हायच्या आधीची ही अवस्था असावी. ते वाक्य वाचून मला माझी लाज वाटली.

बाळांच्या नमुन्यात मुळातच जिवाणू इतके थोडे असतात की खोक्यातला कचराच मोठा दिसतो. चिमूटभर मीठ पातेलंभर पाण्यात कळत नाही, चमचाभर पाण्यात तोंड खारट करतं. हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. दर वर्षी नव्या लोकांना मी हेच मिठाचं उदाहरण देऊन शिकवते.

शेवटी मी भाचीचा नमुना काढला. लहान खोका, क्रमांक एकशे चार. त्याच खोक्यातली, त्याच दिवशीची कोरी नळी शेजारी ठेवली. दोन्हीत तोच पाहुणा, अक्षर न अक्षर तोच. तो वजा केल्यावर तिच्या नमुन्यात जे उरलं, ते त्या वयाच्या कुठल्याही बाळात असतं तेच होतं. यंत्रं बंद झाली होती आणि टेबल हलत नव्हतं. मी तिथेच रडले.

डॉक्टरीणबाईंना मी दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. सांगून झाल्यावर विचारलं, "नियम लागल्यापासून किती बाळं आली?"

"चारशे बारा."

"आणि गेली?"

"चौसष्ट."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग उठल्या, वॉर्डात गेल्या आणि दारावरची पाटी स्वतः नखांनी खरवडून काढली. त्याच आठवड्यात आरामखुर्च्या आल्या. मासिकाला चूक कळवणारं पत्र आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. त्या मेलवाल्यालाही मी उत्तर पाठवलं आणि त्याचे मनापासून आभार मानले. राहिलं होतं आईबापांना कळवायचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, प्रत्येक घरी पत्र जाईल, मजकूर त्या स्वतः लिहितील.

"माझ्या घरी पत्र नको," मी म्हटलं. "तिला मी सांगेन."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "सांगून तुझं मन हलकं होईल. तिचं काय?"

"ती पाच वर्षं समजतेय की तिने स्वतःच्या मुलीला मारलं. तिचं काय म्हणून काय विचारता?" मी वरच्या आवाजात बोलले. त्यांच्याशी असं कुणी बोलत नाही. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, "जा मग. पण सगळं सांग. अर्धं नको."

धाकटीचं कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. घराचीच पुढची खोली, एक शिवणयंत्र, एक इस्त्री, आणि भिंतीला लटकवलेले लोकांचे कोट, पँटी, परकर, प्रत्येकावर टाचणीने लावलेली चिठ्ठी. मी गेले तेव्हा ती कुणाच्यातरी कोटाचं अस्तर उसवत होती. तिचा नवरा आत होता, त्याने चहा टाकतो म्हणून सांगितलं.

"ताई? आज कामावर नाही?" ती म्हणाली. "चेहरा का असा? बस. तो कोट सरकव."

मी वाटेत सगळं पाठ केलं होतं. तिची सुटका करणार होते मी. ऐकल्यावर ती रडेल, मी जवळ घेईन, कदाचित पुढच्या रविवारी येऊन माझ्या मुलाला उचलून घेईल, इथपर्यंत माझं झालं होतं. मी सांगितलं. खोके सांगितले, कोऱ्या नळ्या सांगितल्या, ती अकरावी ओळ सांगितली, आणि ती ओळ माझी हेही. ती उसवत राहिली. दोरे ओढून मांडीवर गोळा करत होती.

"तुझ्या बोटावरून काहीही गेलं नव्हतं," मी म्हटलं. "तो जिवाणू तिच्या पोटात नव्हताच. तो रसायनांच्या खोक्यात होता. तुझा काही दोष नव्हता, कधीच नव्हता. मी चुकले."

तिचा हात थांबला. "म्हणजे माझ्यामुळे नाही."

"नाही."

"मग कशामुळे?"

"माहीत नाही गं. अजून नीट कुणालाच माहीत नाही."

तिने कोट बाजूला ठेवला आणि मांडीवरचे दोरे एकेक करून टोपलीत टाकले. डोळे कोरडे होते. आतून नवऱ्याने साखर कुठे आहे म्हणून विचारलं, तिने सांगितलं. मग माझ्याकडे वळली.

"आणि तो नियम?"

"चुकीचा होता. काढून टाकला."

"आता आया आत जातात?"

"हो. गेल्या सोमवारपासून."

"काय करतात आत?"

"आरामखुर्चीत बसतात. बाळाला छातीवर ठेवतात, वरून चादर घालतात." ती कुठे चालली आहे ते मला तेव्हा दिसायला लागलं, आणि थांबवणं माझ्या हातात नव्हतं.

"किती वेळ?"

"दोन तास सकाळी, दोन तास दुपारी."

"रोज?"

"रोज."

ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. ओठ हलत होते. नवरा चहाचे कप घेऊन दारात आला आणि आम्हाला बघून तिथेच थांबला.

"एकोणीस चोक शहात्तर," धाकटी म्हणाली. "शहात्तर तास, ताई. बरोबर आहे ना?"

बरोबर नव्हतं. पहिले चार दिवस मुलगी श्वासाच्या यंत्रावर होती आणि शेवटचे चार दिवस आजारी. त्या आठ दिवसांत तिला कुणीच छातीवर दिलं नसतं. अकरा चोक चव्वेचाळीस. सगळा हिशोब माझ्या ओठांपर्यंत आला होता.

"बरोबर आहे," मी म्हणाले.